न सांडणारं पाणी

२०२३ साल होतं आणि मला बहात्तरावं लागलं होतं. वय मी ठामपणे सांगतो. छप्पनच्या धर्मांतरानंतर बापानं घरातले देव फडक्यात बांधून इंद्रायणीत सोडले, तेव्हा मी पाच वर्षांचा, त्याच्या खांद्यावर होतो. गाठोडं लगेच बुडालं नाही. बापानं काठीनं ढोसून ढोसून खाली घातलं. शाळेच्या दाखल्यावर निराळंच काही आहे, पण तो दाखला गुरुजींनी माझ्या उंचीवरनं लिहिला. चौथीपर्यंत गेलो. जे लिहितोय ते तेवढ्यावरच, आणि कुणाकडनं दुरुस्त करून घेतलेलं नाही.

मळवलीला रुळांच्या पलीकडं आमचं घर. दोन खोल्या, पुढं ओटा, ओट्याच्या कडेला तगर. मी तीस वर्षं एका बंगल्यावर माळी होतो, बायको तिथंच धुणंभांडी करायची. बंगल्याच्या बाईंनी तिला एक काचेची फुलदाणी दिली. जाड काच, बुडाला अरुंद, तोंडाला रुंद, दीड वीत उंच. बायकोनं ती बुद्धाच्या मूर्तीसमोर फळीवर ठेवली. रोज सकाळी शिळं पाणी तगरीच्या बुडात ओतायचं, नवं भरायचं, तगरीच्याच चार डहाळ्या तोडून ठेवायच्या. बत्तीस वर्षं तिनं हे केलं. ती गेल्यावर मी करायला लागलो. जन्मात प्यायचं पाणी हातानं घेतलं नव्हतं, पण घरी असलो की फुलदाणीचं पाणी एक दिवस चुकवलं नाही.

फुलदाणीच्या काठाला एक खाच होती, नखाएवढी. बायको ती खाच नेहमी खोलीकडं करून ठेवायची, म्हणजे मी जेवायला बसलो की बरोबर समोर. पाहुण्यानं विचारलं तर म्हणायची, बंगल्यावरनंच अशी मिळाली. मी घास गिळायचो. ती गेल्यावरही मी खाच खोलीकडंच ठेवली. तोंड दुसरीकडं फिरवायला मला कुणी अडवत नव्हतं, पण मी फिरवलं नाही.

माघात तिचा दुसरा स्मृतिदिन होता. तीन-चार दिवस आधी मी कान्ह्याला बहिणीला सांगायला गेलो आणि राहिलो. परत आलो तेव्हा दिवे लागले होते, स्मृतिदिनाला मध्ये एकच दिवस उरला होता. फळीवर बघितलं तर फुलदाणीत मोठी पांढरी कमळं, पाणी निम्म्यापर्यंत, नितळ. मुलगा लोणावळ्यात डेकोरेशनच्या कामाला आहे, हॉटेलं, लग्नाचे हॉल सजवतो. त्यानं आणली असतील. बरं वाटलं. जेवलो आणि झोपलो.

सकाळी उठून फुलदाणी ओट्यावर नेली आणि रोजच्यासारखी तगरीवर उलटी केली.

पाणी पडलं नाही. कमळंही पडली नाहीत. पाणी डोळ्याला दिसत होतं, त्यात कमळांचे देठ दिसत होते, आणि फुलदाणी माझ्या हातात खाली डोकं वर पाय होती. मला वाटलं आपल्याला झटका आला. वारा गेलेल्या माणसाला असंच काहीबाही दिसतं म्हणतात. मी डावा हात हलवला, उजवा हलवला, जीभ बाहेर काढून बघितली. सगळं जागेवर होतं. मग फुलदाणी झाडली, बुडावर थापट्या मारल्या. शेवटी सरळ करून आत बोट घातलं, तर नख टणकन् वाजलं. पाणी दगड होऊन बसलं होतं.

ते असू दे. ते मी सोसलं असतं. फुलदाणी फिरवून काठ चाचपला आणि खाच सापडेना. पुन्हा फिरवली. काठ सगळीकडनं गुळगुळीत. नव्या कोऱ्या फुलदाणीसारखा. तेव्हा माझं डोकं फिरलं.

मुलगा नळाजवळ दात घासत होता. मी विचारलं हे काय आहे. तो तोंडातला फेस थुंकून, हसतच सांगायला लागला. हॉटेलांत आता असंच करतात, म्हणाला. डिंकासारख्या रसायनाच्या दोन बाटल्या असतात, मापात एकत्र करायच्या, हळूहळू ओतायचं, एक-दोन दिवसांत घट्ट होतं. दिसतं पाणी, पण बदलायला नको, डास नकोत, फुलं कापडाची म्हणून सुकायला नकोत. आबा, तुमचा गुडघा दुखतो, रोजची कटकट मिटेल. आईच्या दिवसाला लोक येतील, चांगलं दिसेल.

फूल वाहताना आम्ही जे म्हणतो त्याचा अर्थ मला कुणी शिकवायला नको. हे फूल जसं कोमेजतं तसा माझा देहही जाणार, असं आम्ही म्हणतो. ते कापडाच्या फुलासमोर म्हणायचं म्हणजे बुद्धाच्या तोंडावर खोटं बोलायचं. हे मी त्याला सांगितलं. आणि म्हटलं, काढ ते बाहेर, आत्ता.

तो म्हणाला, निघत नाही. काचेला धरून बसतं. हॉटेलवाले फुलदाणीसकट टाकून देतात.

मी त्याच्या कानाखाली वाजवली. छत्तीस वर्षांचा बाप्या, त्याला स्वतःचं लेकरू आहे. पेस्टचा फेस माझ्या हाताला लागला. तो जागचा हलला नाही. म्हटलं, "खाच कुटं गेली?"

"बुजवली," तो म्हणाला. "भाईरनं पट्टी लावून भरली. मुद्दाम."

"कुणाला इचारून?"

"कुणालाच न्हाई. आबा, मी सात वर्सांचा व्हतो. आईच्या भुवईचं रगात मी पुसलंय, माज्या शाळंच्या शर्टानं. रोज जेवाय बसलो की ती खाच माज्याकडं बगती. बास झालं आता."

"तुज्याकडं न्हाई बगत. माज्याकडं बगती."

"मग येवढी वर्सं आई लोकांना खोटं सांगत व्हती, तवा तुमी मुकं का बसायचा?"

उत्तर नसलं की माझा हात उठतो. हे मला आज कळलेलं नाही, विशीपासून ठाऊक आहे. मी दुसरी मारली, मुठीनं. त्याचा ओठ फाटला. तिसरी मारायला गेलो तर त्यानं माझं मनगट धरलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर हात टाकला. एकच ठोसा, जबड्यावर. मी धुण्याच्या दगडावर जाऊन आदळलो. खालचा एक दात आधीच हलत होता, तो जिभेवर आला. मी तो त्याच्या पायाशी थुंकला आणि हाताला लागलेला पितळी तांब्या त्याच्यावर फेकला. त्यानं मान चुकवली, तांब्या भिंतीवर चेपला.

सून झाडू घेऊन मध्ये उभी राहिली. म्हणाली, "मामा, बास. सगळी आळी भाईर आलीया. आवो, तुमीबी व्हा तिकडं."

खरंच आली होती. शेजारची मावशी, माझ्याहून चार पावसाळे मोठी, भिंतीला टेकून तंबाखू मळत बघत होती.

मुलानं शर्ट बदलला, गाडीला किक मारली. जाताना म्हणाला, "काडायचंच तर काडा. न्हाई जमलं तर दगुड घाला. तुमाला फोडाय कुटं येत न्हाई?"

ते शेवटचं वाक्य मला त्याच्या ठोशापेक्षा जास्त लागलं. तेव्हा आता त्या भुवईचं सांगतो, म्हणजे वाक्य का लागलं ते कळेल.

तो सात वर्षांचा होता त्या साली एकदा मी बंगल्यावरनं शिव्या खाऊन आलो होतो. पिऊनही आलो होतो, लपवायचं कशाला. दारातनंच पाणी मागितलं. तिचं सकाळी फुलदाणीचं राहून गेलं होतं, ती तेव्हा भरत होती. म्हणाली, एवढं ठेवते आणि देते. एवढंच म्हणाली. मी फुलदाणी तिच्या हातातनं हिसकली आणि तिच्यावर फेकली. फुलदाणी चौकटीवर आपटून खाली धान्याच्या कणग्यावर पडली, म्हणून फुटली नाही. काठाचा टवका तेवढा उडाला आणि तिच्या भुवईत घुसला. डोळा एका बोटानं वाचला.

ती रडली नाही. पोरानं रक्त पुसलं. तिनं फुलदाणी उचलली, धुतली, भरली, फळीवर ठेवली आणि खाच माझ्याकडं केली. मग मला पेल्यात पाणी आणून दिलं. मी ते प्यायलो.

माझं उजवं मनगट वाकडं आहे. मी आठ वर्षांचा असताना गावच्या विहिरीवर एकाच्या भरलेल्या बादलीला हात लावला म्हणून त्यानं काठी घातली, हाड वाकडंच जुळलं. ती काठी मी आयुष्यभर मिरवली. जयंतीच्या भाषणात मनगट वर करून दाखवलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच मनगटानं मी पाण्याचं भांडं बायकोवर फेकलं. ते कुठल्या भाषणात आलं नाही.

आता कळलं असेल मला ती फुलदाणी न फुटता का हवी होती. ती फोडून पाणी काढणं म्हणजे पोराचं म्हणणं खरं करणं. उद्या सकाळी लोक येणार. त्याआधी खाच जागेवर पाहिजे आणि आत खरं पाणी पाहिजे.

पहिल्यांदा मी पक्कड घेतली आणि कमळांचे गळे धरून ओढले. कापड हातात आलं, आतल्या तारा तशाच. तारा ओढल्या, एक तुटून तळहातात गेली. ती काढली आणि पुन्हा ओढायला लागलो. मग पेचकस लावून हातोडीनं ठोका घातला. पाण्याचा कपचाही उडाला नाही, पण काच चिरल्यासारखी किणकिणली. अजून एक ठोका आणि गेली असती. हातोडी मी परसात भिरकावली. ती कोंबड्यांत पडली, कोंबड्यांनी गोंधळ घातला. त्यांनाही शिव्या दिल्या. रक्त मनगटावरनं कोपरापर्यंत आलं होतं.

सून ओट्यावर मोबाईल बघत बसली होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, यात सांगतात की गरम केलं की ते मऊ पडतं, पण एकदम गरम झालं तर काच तडकते.

मी म्हटलं मला शिकवू नको. पण तिचं बरोबर होतं आणि पुढचं मला तिच्यापेक्षा जास्त कळत होतं. भात भरडून आठच दिवस झाले होते, तूस पोत्यांनी पडलं होतं. तुसाची आग भडकत नाही. आतल्या आत धुमसते, आणि थर लावायचा माहीत असला तर भांडं दिवसभर सारखं तापतं. परसात तीन दगड मांडले, तूस दाबून भरलं, वर मोठं घमेलं ठेवलं. घमेल्यात गार पाणी, बुडाला जुनं लुगडं, त्यावर फुलदाणी आडवी. काच आणि पाणी बरोबरीनंच तापू द्यायचं.

आणि मग बसून राहायचं. आयुष्यात मला कशानं मारलं असेल तर या बसून राहण्यानं. दहा वेळा हात उठला की उचलावी आणि दगडावर घालावी. जबडा ठणकत होता. मावशीनं भिंतीवरनं विचारलं, "भाऊ, जेवान शिजवतायसा का फुलदानी?" मी म्हटलं तुझं तेरावं शिजवतोय. ती म्हणाली, आपल्यात तेरावं कुटं घालत्यात, इसरला काय? आणि हसत आत गेली.

दुपार कलल्यावर पाणी बोट घालवेना इतकं तापलं. मी माझा कलमाचा चाकू काढला. बंगल्यावर गुलाबाचे डोळे भरायचो तो, पातं घासून घासून कागदासारखं झालेलं. डोळा भरताना सालीच्या आणि लाकडाच्या मधनं पातं नेतात, लाकडाला ओरखडा न पडता साल उचलायची असते. तीस वर्षं मी तेच केलं होतं. फुलदाणी बाहेर घेतली. फडक्यानं धरली तर सटकायला लागली, म्हणून फडकं टाकलं आणि उघड्या हातानं मांड्यांमध्ये दाबून धरली. तळहाताची कातडी काचेला चिकटल्याचं कळत होतं. सोडली असती तर खाली फरशी होती. पातं काचेला टेकवून आत घातलं, ते घट्ट पाणी शिजलेल्या कातड्यासारखं झालं होतं. पातं एक बोट गेलं, दोन बोटं गेलं. गार झालं की थांबायचं, परत घमेल्यात, परत बाहेर. असं पाच वेळा झालं. प्रत्येक खेपेला मी त्या गोळ्याला आईबहिणीवरनं शिव्या दिल्या.

सहाव्या खेपेला चाकू सगळीकडनं फिरला. मी तारा पक्कडीत धरल्या, पाय फुलदाणीच्या बाजूला रोवले आणि मागं झुकलो. कानाखाली वाजवल्यासारखा आवाज झाला आणि गोळा बाहेर आला. मी पाठीवर पडलो. फुलदाणी मांड्यांतच होती, अख्खी. गोळा तुसाच्या राखेत जाऊन पडला होता, आत तारांचा झुबका, बुडाला फुलदाणीच्या बुडाचा आकार.

पण काठावरची खाच अजून भरलेलीच होती. ती आडव्या फुलदाणीच्या वरच्या बाजूला राहिली, घमेल्यातलं पाणी तिथं नीट पोचलं नव्हतं. आणि माझे हात आता चाकू धरीनात. तळहाताला फोड आले होते, त्यांतले दोन फुटले होते. चाकू दोनदा गळून पडला. काठ तिथंच पातळ, तिथं हात थरथरला तर सगळं संपलं.

ऊन असतानाच गाडीचा आवाज आला. मुलगा लवकर आला होता. ओठ सुजून काळा पडला होता. तो परसात येऊन उभा राहिला. आधी राखेतला गोळा बघितला, मग फुलदाणी, मग माझे हात. मी हात मागं घेतले. तो जवळ आला. खाली बसला.

"द्या हिकडं," तो म्हणाला.

मी दिली नाही. त्यानं माझ्या मांडीवरनं उचलून घेतली. काठ गरम पाण्यात बुडवून धरला, मनातल्या मनात काहीतरी मोजलं, आणि माझ्या चाकूचं टोक खाचेच्या कडेला लावलं. त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे, हे मला कबूल करावं लागलं. तुकडा सुटला, नखाएवढा, आरपार दिसणारा. सुटतानाच त्याचा अंगठा खाचेवरनं घसरला आणि कापला. एकोणतीस वर्षांनी ती काच पुन्हा लाल झाली. त्यानं शर्टाच्या टोकानं पुसली, अंगठा पुसलाच नाही.

तूस धुमसत होतं.

"उद्या लोक इचारतील," तो म्हणाला. "आळीनं सगळा तमाशा बघितलाय. मावशी तर हमखास इचारंल. मी आईसारखं बंगल्यावरची फुटकी म्हून न्हाई सांगायचो."

"तू काय सांगू नगंस. ते माजं मी बघीन."

सुनेनं माझ्या हातांना हळद-तेल लावून फडकी बांधली. मी फुलदाणीत नळाचं पाणी भरायला लावलं आणि ती ओट्यावर ठेवून खाली कोरडं वर्तमानपत्र घातलं. गळत असेल तर कळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. वर्तमानपत्र कोरडं होतं. दोन्ही मनगटांत धरून फुलदाणी उचलली आणि तगरीवर उलटी केली. पाणी भळकन् पडलं, मातीत खड्डा पडला. नवं भरायला तांब्या धरवेना. मुलाला हाक मारली. त्यानं चेपलेल्या तांब्यानं पाणी ओतलं, तगरीच्या डहाळ्या तोडून आणल्या आणि फुलदाणी फळीवर ठेवली. ठेवताना थांबला. मी म्हटलं, खोलीकडं. त्यानं खाच खोलीकडं केली.

लोक आले. बहीण कान्ह्याहून आली, आळीतली पंधरा-वीस माणसं, मावशी सगळ्यात पुढं. सगळ्यांची नजर माझ्या हातांवर आणि पोराच्या ओठावर. वंदना सुरू व्हायच्या आधी मी उभा राहिलो. भाषणाची सवय आहे. मी मनगट वर केलं, नेहमीसारखं, आणि मग खाली घेतलं. म्हटलं, "ती फुलदानी बंगल्यावरनं फुटकी आली न्हाई. मी तिच्यावर फेकली व्हती. तिच्या भुवईचा वण तेचाच."

मुलगा फळीकडं बघत होता. मग मावशीनं तंबाखूची डबी कमरेला खोचली.

"ठावं हाय आमाला, भाऊ," ती म्हणाली. "दुसऱ्याच दिशी नळावर सांगितलं व्हतं तिनं. म्हनली, कुनी इचारायचं न्हाई, तेनं आपल्या तोंडानं सांगुस्तवर. बसा आता, वंदना घ्या."

गुडघ्यामुळं मी वंदनेला खुर्चीवर बसतो, भिंतीकडेला, माझी जागा ठरलेली आहे. मुलानं खुर्ची पुढं सरकवली. मी ती पायानं बाजूला केली आणि सगळ्यांबरोबर खाली सतरंजीवर बसलो.